ग्लेन कर्टिस

ग्लेन हॅमंड कर्टिस (२१ मे १८७८ – २३ जुलै १९३०) हे अमेरिकन संशोधक, मोटारसायकल शर्यतपटू, वैमानिक आणि विमाननिर्माते होते. राइट बंधूंचे प्रमुख प्रतिस्पर्धी आणि समुद्रावरून उड्डाण करणाऱ्या विमानांचे एक जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मोटारीमागे ओढावयाचे राहते घर तयार केले. आज उत्तर अमेरिकेत हजारो कुटुंबे ज्यात बारमाही राहतात त्या ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरचा उगम त्यांच्या या कामात आहे. विमानविद्येच्या इतिहासात कर्टिस यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण चालत्या घरासंबंधीचे त्यांचे काम बहुधा एका ओळीत आटोपते. म्हणून या लेखात त्याचा विस्ताराने विचार केला आहे.

बालपण आणि शिक्षण

कर्टिस यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील क्युका सरोवराच्या काठी हॅमंड्सपोर्ट या लहान गावी झाला. हा परिसर द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असून तेथील हिवाळा बर्फाचा असतो. ते लहान असतानाच वडील वारले. धाकटी बहीण रुथा हिची श्रवणशक्ती आजारपणात गेली आणि तिच्या शिक्षणासाठी आई रॉचेस्टर शहरात राहावयास गेली. कर्टिस यांचे शालेय शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच झाले. पुढे त्यांनी छायाचित्रणाच्या साहित्याच्या कारखान्यात नोकरी केली, नंतर सायकलवरून तारा पोहोचविण्याचे काम केले. याच काळात त्यांना वेगाची गोडी लागली. १८९८ मध्ये लीना नेफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. गणितापेक्षा हाताचा अंदाज आणि पुनःपुन्हा करून पाहणे यांवर त्यांची भिस्त होती.

सायकलीपासून विमानापर्यंत

सायकलींच्या दुकानातून कर्टिस मोटारसायकलींकडे वळले. वजनाला हलके आणि ताकदीला भारी असे इंजिन बनविण्यात त्यांचा हातखंडा होता. २४ जानेवारी १९०७ रोजी फ्लोरिडातील ऑर्मंड बीचच्या वाळूवर आठ सिलिंडरांच्या मोटारसायकलवरून त्यांनी ताशी १३६.३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर, इतका वेग गाठला. त्या काळी इतक्या वेगाने कोणताच माणूस कोणत्याही वाहनातून गेलेला नव्हता.

त्यांच्या इंजिनांची ख्याती ऐकून दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्यांना आपल्या विमानसंशोधन मंडळात घेतले. ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ या विमानातून कर्टिस यांनी हॅमंड्सपोर्ट येथे आधी जाहीर करून, लोकांसमोर एक किलोमीटरहून अधिक अंतर उड्डाण केले आणि सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाचे पारितोषिक मिळविले. पुढील वर्षी फ्रान्समधील रँस येथे त्यांनी गॉर्डन बेनेट चषक जिंकला. २९ मे १९१० रोजी ते हडसन नदीच्या काठाने ऑल्बनीहून न्यू यॉर्कला उडत गेले. या उड्डाणाबद्दल त्यांना दहा हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. अमेरिकेतील वैमानिक परवाना क्रमांक १ त्यांच्या नावे आहे.

पाण्यावरून पहिले उड्डाण फ्रान्सच्या आंरी फाब्र यांनी १९१० मध्ये केले होते. परंतु ती कल्पना व्यवहारात आणली कर्टिस यांनी. २६ जानेवारी १९११ रोजी सॅन डिएगो येथे त्यांचे विमान पाण्यावरून उठले व पाण्यावरच उतरले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या ‘जेनी’ विमानांवर असंख्य तरुण उड्डाण शिकले. मे १९१९ मध्ये त्यांच्या कंपनीच्या सहभागातून तयार झालेल्या ‘एन. सी. – ४’ या पाणविमानाने टप्प्याटप्प्याने अटलांटिक महासागर पार केला.

या यशाला वादाची किनार होती. विमानाचा तोल सांभाळण्याच्या युक्तीवर आपला हक्क आहे, असा दावा राइट बंधूंनी न्यायालयात केला आणि १९१४ मध्ये निकाल कर्टिस यांच्या विरुद्ध गेला. १९१७ मध्ये युद्धाच्या निकडीमुळे सर्व विमाननिर्मात्यांची पेटंटे एकत्र करण्यात आली, तेव्हा हा संघर्ष व्यवहारापुरता मिटला. राइट बंधूंचा मूळ शोध निर्विवाद आहे. मात्र कर्टिस यांना केवळ नक्कलकार ठरविणाऱ्यांनी त्यांची इंजिने आणि पाणविमाने लक्षात घेतलेली नाहीत, असेच म्हणावे लागते.

फ्लोरिडा आणि फिरते घर

१९२० च्या सुमारास विमानव्यवसायातील आपला वाटा विकून कर्टिस फ्लोरिडात गेले. जेम्स ब्राइट यांच्या भागीदारीत त्यांनी मायामीजवळ हायलीया, मायामी स्प्रिंग्ज आणि ओपा-लोका ही नगरे वसविली. ओपा-लोकातील इमारती अरबी सुरस कथांच्या धर्तीवर घुमट-मिनारांच्या आहेत.

कर्टिस यांना शिकारीची आणि रानात मुक्काम करण्याची आवड होती. सावत्र भाऊ कार्ल अ‍ॅडम्स यांच्यासह त्यांनी आधीच ‘मोटार बंगलो’ नावाचा एक लहान ट्रेलर तयार केला होता. मुक्कामी पोहोचल्यावर त्याच्या कॅनव्हासच्या बाजू बाहेर उघडत आणि झोपण्यास जागा होई. प्रवासात तंबू, भांडी आणि अंथरुणे रोज बांधण्या-सोडण्याचा त्रास त्यामुळे टळला.

याच कल्पनेचा प्रौढ अवतार म्हणजे १९२८ मधील ‘एरोकार’. नावाप्रमाणेच त्याची रचना विमानाची होती. हलक्या सांगाड्याला तारांचे ताण देऊन तो ताठ केलेला असे आणि वरून पातळ आवरण असे. दणकट लाकूड व लोखंड यांचे पारंपरिक डबे जड होत, रस्त्याच्या हादऱ्यांनी त्यांचे सांधे खिळखिळे होत. एरोकार आकाराने मोठी असूनही एका साध्या दोन आसनी मोटारीमागे सहज धावे. श्रीमंतांनी ती प्रवासासाठी घेतली, काही ठिकाणी ती प्रवासी वाहतुकीसाठीही वापरली गेली.

एरोकारची खरी करामत तिच्या सांध्यात होती. ओढणाऱ्या मोटारीच्या मागील भागात, आसाच्या वरच्या बाजूला, एक हवा भरलेले चाक आडवे बसविलेले असे. ट्रेलरच्या पुढच्या टोकाची खुंटी त्या चाकाच्या मध्यात उतरत असे. वळताना खुंटी चाकात फिरे आणि रस्त्याचे धक्के चाकातील हवा शोषून घेई. ‘पाचवे चाक’ हा शब्द याहून जुना आहे. घोडागाडीच्या पुढच्या आसावर गाडी वळण्यासाठी जे आडवे कडे असे, त्याला इंग्रजीत हेच नाव होते. मालवाहू मोटारींनीही ती कल्पना उचलली होती. कर्टिस यांनी ती राहत्या घराला लावली आणि कड्याच्या जागी खरोखरीचे चाक बसविले.

सांध्याचे महत्त्व

या रचनेचे मर्म मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगण्यास बैलगाडीसारखे साधन नाही. गाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त भरला तर बैलांची मान दबते. जाणता गाडीवान थोडा भार जुवावर राहील अशा बेताने पोती रचतो. ट्रेलरचेही असेच आहे. मोटारीच्या मागील बंपरला गोळा लावून ओढलेल्या साध्या ट्रेलरचा सुमारे १० ते १५ टक्के भार सांध्यावर यावा लागतो. भार त्याहून कमी झाला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो. शिवाय हा गोळा मोटारीच्या मागील आसापासून बराच मागे असतो, त्यामुळे ट्रेलरचा प्रत्येक हेलकावा तरफेप्रमाणे वाढून मोटारीची दिशा बिघडवितो. हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या बाजूला गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या जातात. त्यांतील मागची ट्रॉली कशी डुलते हे ज्याने रस्त्यावर पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

फिफ्थ व्हील ट्रेलरचा सांधा ओढणाऱ्या वाहनाच्या मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे असतो. त्यामुळे तरफेची ती लांबीच उरत नाही. भार आसावर सरळ उतरतो, डुलणे कमी होते आणि वळणेही सुकर होते. याची किंमत अशी की साधारण २० टक्के वजन ओढणाऱ्या वाहनाला पाठीवर घ्यावे लागते. सहा टनांचा ट्रेलर असेल तर सव्वा टनाच्या आसपास भार पिकअप ट्रकवर येतो. म्हणून असा ट्रेलर निवडताना ट्रक किती ओढू शकतो एवढेच पाहून चालत नाही, तो पाठीवर किती वाहू शकतो हे आधी पाहावे लागते. खरेदीदार मात्र बहुधा स्वयंपाकघर आणि सोफा पाहून भुलतात.

थंडी आणि कायम वास्तव्य

एरोकार फ्लोरिडाच्या उबदार हवेत जन्मली. बर्फाळ हॅमंड्सपोर्टमध्ये वाढलेल्या माणसाने तिला थंडीसाठी घडविले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. घर हलके कसे करावे आणि डुलू न देता कसे ओढावे, हा प्रश्न कर्टिस यांनी सोडविला. पण पातळ भिंत ऊब धरून ठेवत नाही. हलकेपणा आणि ऊब यांचा हा झगडा त्यांच्या मागून आलेल्या निर्मात्यांच्या वाट्याला आला आणि तो आजही संपलेला नाही.

थंड प्रदेशात वर्षभर राहण्याजोगा फिफ्थ व्हील ट्रेलर ओळखण्याच्या खुणा या झगड्यातूनच आलेल्या आहेत. पहिली खूण ट्रेलरच्या पोटाखाली सापडते. पाण्याच्या व सांडपाण्याच्या टाक्या, नळ आणि झडपा तळाशी असतात. घर चालते असल्यामुळे त्यांच्याखाली जमिनीची ऊब नसते, खालून वारा वाहतो. तळ पूर्ण बंद करून त्यात भट्टीची गरम हवा खेळविलेली नसेल तर आत माणसे उबेत असूनही नळ गोठून फुटतात. भिंतीत किती जाड आवरण भरले आहे याइतकेच भिंतीच्या फासळ्या कशाच्या आहेत हेही महत्त्वाचे असते, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या फासळीतून थंडी सरळ आत येते आणि तिच्यावर दव धरते. सरकून बाहेर येणाऱ्या खोल्यांमुळे जागा वाढते, परंतु त्यांच्या चारही कडांची रबरी पट्टी ही गळतीची आणि थंडीची हमखास वाट असते. काचा दुहेरी असाव्यात.

दमटपणाचा प्रश्न नवख्यांच्या ध्यानात येत नाही. श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि उघड्या ज्योतीवर जळणारा गॅस यांतून सतत बाष्प निर्माण होते. लहान बंद जागेत ते थंड भिंतीवर साचते व गाद्यांखाली बुरशी येते. त्यामुळे घर घट्ट बंद करणे आणि वायुवीजन राखणे या दोन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात. इंधनाचेही पाहावे लागते. ब्युटेन सुमारे शून्य अंशालाच द्रवरूप राहू लागतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होऊ शकतो. म्हणून अशा ट्रेलरमध्ये प्रोपेनच वापरतात. आपल्याकडील घरगुती गॅस या दोहोंचे मिश्रण असतो. हिमालयातील कडक थंडीत सिलिंडर नीट का पेटत नाही, याचे एक कारण येथे आहे.

जाहिरातीत ‘चार ऋतूंचा’ किंवा ‘ध्रुवीय’ ट्रेलर असे शब्द आढळतात. हे शब्द निर्माते आपापल्या परीने वापरतात, त्यांच्यामागे सर्वमान्य मोजमाप नाही. त्याचप्रमाणे अनेक हमीपत्रांत कायम वास्तव्य वगळलेले असते. सुटीत महिनाभर वापरण्यासाठी बनविलेल्या बिजागऱ्या, पंप आणि जमीन रोजच्या वापरात लवकर झिजतात. ज्याला हेच घर करावयाचे आहे, त्याने हमीपत्रातील ही अट सही करण्यापूर्वी वाचावी.

चालत्या घराकडे हौस म्हणून पाहणे हा सुस्थितीचा भाग आहे. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे अर्धे वर्ष घर सोडून उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात, थंडीही तिथेच काढतात. त्यांच्या निवाऱ्यासाठी एखाद्या कर्टिसने अजून डोके लढविलेले नाही.

अखेर

१९२९ मध्ये कर्टिस आणि राइट यांच्या नावांच्या कंपन्या एकत्र होऊन कर्टिस-राइट ही कंपनी स्थापन झाली. न्यायालयात आयुष्यभर एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली ही दोन नावे एका पाटीवर आली. पुढच्याच वर्षी, जुने भागीदार ऑगस्टस हेरिंग यांच्याशी चाललेल्या एका खटल्यासाठी कर्टिस रॉचेस्टरला गेले असता त्यांना अपेंडिक्सचा विकार जडला. बफेलो येथे शस्त्रक्रिया झाली, परंतु नंतरच्या गुंतागुंतीतून २३ जुलै १९३० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एरोकारचे उत्पादन त्यांच्यानंतरही कार्ल अ‍ॅडम्स यांच्या देखरेखीखाली काही वर्षे चालू राहिले.

त्यांच्या नावाचे विमान भारतातही बांधले गेले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे सुरू केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर्टिस हॉक जातीच्या लढाऊ विमानांची जुळणी झाली. कर्टिस यांचे दफन हॅमंड्सपोर्ट येथे करण्यात आले. तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.