बॉयलरखोलीतला रॉकस्टार

बँड काढायचाय, पण जागा नाही, पैसा नाही, ड्रमर तर नाहीच... अशी तुमची अवस्था असेल, तर व्हिक्टर त्सोयची गोष्ट वाचाच.

१९६२ साली लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, त्याचा जन्म झाला. वडील कोरियन वंशाचे इंजिनीअर, आई पीटीची शिक्षिका. चित्रकलेच्या शाळेतून त्याला काढून टाकलं, मग तो लाकडावरचं कोरीवकाम शिकला. डोक्यात मात्र गिटारच! १९८१ मध्ये दोन मित्रांबरोबर त्याने बँड काढला. थोड्याच दिवसांत ड्रमरला सैन्यात बोलावणं आलं. उरले दोघं. त्यांनी बँडला नवं नाव दिलं 'किनो', म्हणजे सिनेमा.

सोव्हिएत राजवटीत रेकॉर्ड काढणारी कंपनी सरकारी. या पोरांना तिथे कोण विचारणार? पण 'अक्वारियम' बँडचा बोरिस ग्रेबेनश्चिकोव मदतीला धावला. आंद्रेई त्रोपिल्लोच्या स्टुडिओत १९८२ मध्ये पहिला अल्बम रेकॉर्ड झाला. ड्रमर नव्हता, म्हणून ड्रम मशीन वापरलं. लांबी साधारण ४५ मिनिटं, म्हणून अल्बमचं नावही '४५'! तो दुकानात मिळत नव्हता. एकाने टेप दुसऱ्याला द्यायची, त्याने कॉपी करून तिसऱ्याला. कार्यक्रम कुठे? बऱ्याचदा कुणाच्या तरी घरातच.

आणि पोटाचं काय? नोकरी न करणं तिथे चक्क गुन्हा होता. त्यामुळे नाव झाल्यावरही त्सोय 'कामचात्का' नावाच्या बॉयलरखोलीत फावड्याने कोळसा टाकायचा. त्या कामातून गाण्यांसाठी वेळ उरायचा, हे त्याला पुरेसं होतं.

१९८८ मध्ये 'इग्ला' सिनेमात तो हिरो म्हणून झळकला. २४ जून १९९० ला मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर गायला. आणि १५ ऑगस्टला लातवियात कार अपघातात गेला. वय अवघं २८. नव्या गाण्यांची टेप मागे राहिली होती. बँडमधल्या मित्रांनी त्यावरून शेवटचा अल्बम पूर्ण केला.

सोव्हिएत संघ मोडला त्यानंतर, १९९१ मध्ये. म्हणजे परिस्थिती बदलेपर्यंत थांबू, असं त्सोय म्हणाला असता, तर त्याचं एकही गाणं आज नसतं. ती बॉयलरखोली आता क्लब आणि संग्रहालय आहे. तुमचा बँड कशासाठी थांबलाय?