नानाभाई मूस

पृथ्वीच्या पोटात काय दडले आहे, हे डोळ्यांनी पाहता येत नाही. तथापि ती स्वतःच आपल्या अंतरंगाची वार्ता देत असते. भूकंपाच्या लाटा खडकांतून धावतात. खडक बदलला, की त्यांचा वेगही बदलतो. टांगलेली चुंबकसूची पृथ्वीच्या चुंबकत्वातील चढउतार दाखविते. ही वार्ता चिकाटीने टिपून ठेवणारांत मुंबईच्या नानाभाई मूस यांचे नाव आदराने घेतले जाते.

नानाभाईंचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. पुणे व एडिंबरो येथे शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करू लागले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. दोनच वर्षांनी तेथे भूकंपलेखक यंत्र बसविण्यात आले.

कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन होत असे. परंतु मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्यांऐवजी विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेचा प्रवाह जमिनीत शिरला, की नाजूक सूची डळमळणार आणि साठ वर्षांची परंपरा खंडित होणार! शहराची सोय अडविणे इष्ट नव्हते, आणि नोंदी बंद पडू देणेही योग्य नव्हते. नानाभाईंनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी वेधशाळेसाठी समुद्रापलीकडील अलिबागची जागा निवडली.

तेथेही एक अडचण होती. कोकणापासून सोलापूर जिल्ह्यातील केमच्या माळापर्यंत, आणि त्याही पलीकडे, महाराष्ट्राची भूमी काळ्या कातळाची आहे. लाव्हारस थिजून झालेल्या या कातळात लोहांश असल्यामुळे तो स्वतःच चुंबकीय असतो. घरांच्या बांधणीस तो उत्तम. पण वेधशाळेस चालेना. म्हणून चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड पारखून आणला आणि लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळला.

१९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे जुन्या-नव्या मापांचा मेळ बसला. मग कुलाब्याचे मापन थांबले आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. १९१० साली नानाभाईंनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

खडकांचे चुंबकत्व मोजून भूकवचाची रचना शोधणारांना आपल्या मापांतून चुंबकत्वाचा रोजचा चढउतार वजा करावा लागतो. तो वेधशाळेच्या नोंदींवरूनच कळतो. अलिबागचे मापन आजही चालू आहे. नानाभाईंनी जपलेला तो धागा तुटलेला नाही.