तिंतोरेत्तो : आपल्या वस्तीतील चर्चचा चित्रकार

व्हेनिसच्या उत्तर टोकाला, पर्यटकांच्या वर्दळीपासून दूर, मादोन्ना देल ओर्तो हे विटांचे गॉथिक चर्च उभे आहे. या चर्चच्या परिसरात ज्याने संसार केला, ज्याची काही भव्य चित्रे इथे आहेत आणि जो अखेर इथेच चिरविश्रांती घेत आहे, तो चित्रकार म्हणजे याकोपो रोबुस्ती. जग त्याला तिंतोरेत्तो या नावाने ओळखते.

त्याचा जन्म १५१८ च्या सुमारास व्हेनिसमध्ये झाला. वडील कापड रंगविण्याचा व्यवसाय करीत. इटालियन भाषेत रंगाऱ्याला तिंतोरे म्हणतात. त्यावरूनच रंगाऱ्याचा हा मुलगा तिंतोरेत्तो, म्हणजे ‘छोटा रंगारी’, झाला. बालवयात तो थोर चित्रकार तिशियनच्या चित्रशाळेत दाखल झाला, पण काही दिवसांतच त्याला तेथून काढून टाकण्यात आले, असे सतराव्या शतकातील चरित्रकार कार्लो रिदोल्फी सांगतो. पुढे स्वप्रयत्नाने शिकत त्याने १५४८ मध्ये संत मार्कच्या चमत्काराचे चित्र रंगविले आणि तो एकदम प्रकाशात आला.

मात्र कीर्तीबरोबर टीकाही आली. तो फार घाईने रंगवितो, कमी मोबदल्यात कामे घेऊन इतरांच्या पोटावर पाय आणतो, अशी तक्रार होती. १५६४ मध्ये सान रोक्को या धर्मादाय संस्थेने चित्रकारांकडून कच्चे आराखडे मागविले, तेव्हा त्याने पूर्ण झालेले चित्रच छतावर बसविले आणि ते संतचरणी अर्पण केल्याचे जाहीर केले. प्रतिस्पर्धी संतापले, पण संस्थेला ती देणगी नाकारता आली नाही.

मादोन्ना देल ओर्तोमध्ये मात्र या स्वभावाची दुसरी बाजू दिसते. चौदाव्या शतकात उभारलेले हे चर्च मुळात संत ख्रिस्तोफरचे होते. जवळच्या मळ्यात ठेवलेली मेरीची एक दगडी मूर्ती चमत्कारी मानली जाऊ लागली आणि १३७७ मध्ये ती चर्चमध्ये आणण्यात आली. तेव्हापासून ‘मळ्यातील मेरी’ हेच चर्चचे नाव रूढ झाले. १३९९ पासून त्याची पुनर्बांधणी झाली. दर्शनी भिंतीवरील कोनाड्यांत बारा प्रेषितांचे पुतळे असून आत संगमरवरी स्तंभांच्या दोन रांगा आहेत. चीमा दा कोनेल्यानो याचे ‘बाप्तिस्मा देणारा योहान’ हे चित्रही येथेच आहे.

१५५० च्या दशकात तिंतोरेत्तोने येथील ऑर्गनच्या दारांवर बालमेरीच्या मंदिरप्रवेशाचे चित्र काढले. त्यानंतर १५६० च्या आसपास वेदीच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेचौदा मीटर उंचीची दोन चित्रे उभी राहिली. एकात सोन्याच्या वासराची कथा, तर दुसऱ्यात अंतिम न्यायाचा दिवस आणि माणसांना ओढून नेणारा प्रचंड लोंढा. या अवाढव्य कामासाठी त्याने केवळ साहित्याच्या खर्चापुरते शंभर डुकाट मागितले, असे रिदोल्फी नमूद करतो. भिंती रिकाम्या राहण्यापेक्षा मोबदला बुडालेला त्याला परवडत होता.

१५७७ पासून सान रोक्कोने त्याला वर्षाला शंभर डुकाटचे आजीव मानधन दिले. त्या बदल्यात दरवर्षी तीन चित्रे द्यायची होती. उतारवयात त्याच्या चित्रशाळेने डोजच्या राजवाड्यासाठी ‘स्वर्ग’ हे सुमारे बावीस मीटर रुंदीचे चित्र साकारले. परंतु १५९० मध्ये त्याची लाडकी कन्या आणि सहकारी मारिएत्ता निवर्तली. स्वतः चित्रकार असलेल्या या मुलीला मादोन्ना देल ओर्तोमध्येच पुरण्यात आले. ३१ मे १५९४ रोजी तिंतोरेत्तोचे निधन झाले आणि सासऱ्यांच्या कुटुंबाच्या थडग्यात, लेकीजवळ, त्यालाही जागा मिळाली. पुढे चित्रकार पुत्र दोमेनिकोही तेथेच विसावला.

नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात व्हेनिस बुडाले. त्यानंतर ब्रिटनमध्ये जमलेल्या निधीतून या चर्चची आणि तिंतोरेत्तोच्या चित्रांची दुरुस्ती करण्यात आली. १९९३ मध्ये येथील जोव्हान्नी बेल्लिनीचे मेरीचे चित्र चोरीला गेले. तिंतोरेत्तोची भव्य चित्रे मात्र आपल्या जागी आहेत. कलाकृती संग्रहालयांत विखुरल्या जाण्याच्या काळात, ज्या भिंतींसाठी ती रंगविली त्याच भिंतींवर ती आजही पाहता येतात, आणि त्यांचा कर्ता काही पावलांवर विसावला आहे.