भिंतीवरचा चित्रकार : हर्बर्ट लॉयपिन

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. फ्लेक्स आले आणि त्यांचे काम गेले. घर बदलताना माळ्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या पाट्या मीच भंगारवाल्याला दिल्या. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात स्विस पोस्टरांचे एक पुस्तक हाती आले आणि त्यात हर्बर्ट लॉयपिन भेटला.

त्याचा जन्म १९१६ साली स्वित्झर्लंडमधील बाइनविल आम से या गावी झाला. बाझलच्या कलाशाळेत शिकून तो पॅरिसला पॉल कोलँ या नामवंत पोस्टरकाराकडे गेला. परतल्यावर बाझलजवळ आउग्स्ट येथे त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला.

बाझलच्या चित्रकारांची तेव्हा एक खास रीत होती. जी वस्तू विकायची तीच मोठी, हुबेहूब रंगवायची आणि मजकूर अगदी थोडा ठेवायचा. लॉयपिन या रीतीत पारंगत झाला. पण १९५०च्या सुमारास तो हसऱ्या, मोकळ्या रेषेकडे वळला. हातात बसलेली आणि मान मिळवून देणारी शैली सोडायला धैर्य लागते. एप्टिंगरचे खनिजपाणी, सुशारचे मिल्का चॉकलेट, पेपिटा पेयाचा पोपट, असे खाणेपिणे त्याने भिंतीभिंतींवर नेले. १९५५ साली एका सकाळच्या दैनिकासाठी तर त्याने वर्तमानपत्राच्या कागदाचीच कॉफीची किटली रंगवली!

स्वित्झर्लंडमध्ये पोस्टरचा आकार ठरलेला असे : सुमारे ९० बाय १२८ सेंटिमीटर. काही आठवड्यांत त्यावर दुसरा कागद चिकटे आणि चित्र संपे. १९४१पासून सरकारतर्फे दरवर्षी उत्तम पोस्टरांचा गौरव होऊ लागला. त्यात लॉयपिनचे नाव वारंवार येई. तरीही ही पोस्टरे आज दिसतात ती मुख्यतः जपणाऱ्यांमुळे. भिंतीवर न लागलेल्या प्रती शोधून, मागे कापड लावून संग्राहकांनी त्या सांभाळल्या. झ्युरिकच्या संग्रहालयातही असा मोठा साठा आहे.

उत्तरायुष्यात जाहिराती सोडून लॉयपिन चित्रकलेत रमला. १९९९ साली त्याचे निधन झाले.

वडिलांची एकच पाटी आता उरली आहे, आमच्या जुन्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर. परवा गिरणीवाल्या काकांना सांगून आलो : पाटी बदलाल तेव्हा आधी मला हाक मारा.