बॅरिस्टर गांधी

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला कायद्यातले काय कळणार? पण माझ्या माहेरी शेताच्या बांधावरून दोन चुलत घरांनी कितीतरी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. दोन्हीकडच्या वकिलांनी तारखांवर तारखा घेतल्या आणि बांधाच्या किमतीहून खर्च अधिक झाला. तेव्हापासून वकिलाने कसे वागावे, हा प्रश्न माझ्या मनात घोळतो. म्हणून चरखा आणि दांडीयात्रा बाजूला ठेवून मी महात्मा गांधींच्या वकिलीबद्दलच लिहिते.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले मोहनदास १८८८ साली विलायतेला गेले आणि जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पुढे मुंबईला त्यांनी बिऱ्हाड केले. पहिला खटला मिळाला तो स्मॉल कॉज कोर्टात, ममीबाई नावाच्या बाईंचा. फी तीस रुपये. दलालाला दलाली द्यावी लागते, असे सगळ्यांनी बजावले, पण यांनी एक पैसाही देण्याचे नाकारले. उलटतपासणीसाठी उभे राहिले मात्र, पाय लटपटू लागले, डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचेना! खाली बसले, दुसरा वकील करा म्हणून सांगितले आणि फी परत घ्यायलाही सांगितले. काम झाले नाही तर पैसा ठेवायचा नाही, हे मला फार आवडते. आपल्याकडे शिवणकामाचे आगाऊ पैसे घेतलेली बाईसुद्धा एवढे करीलच असे नाही.

पुढे राजकोटला मात्र भावाच्या आग्रहाखातर, काम देणाऱ्या वकिलांना त्यांनी दलाली दिली. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, म्हणून मीही झाकत नाही.

१८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. वर्षाचे १०५ पौंड ठरले होते. दावा होता चाळीस हजार पौंडांचा, आणि प्रतिवादी तय्यब शेठ हे दादांचेच नातलग. गांधीजींनी कागदपत्रे बारकाईने वाचली. आपल्या अशिलाची बाजू बळकट आहे हे त्यांना दिसले. पण दावा लांबला तर वकिलांच्या खर्चातच दोघेही बुडतील, हेही दिसले. त्यांनी दोघांना लवादापुढे नेले. निकाल दादांच्या बाजूने लागला. सगळी रक्कम एकदम भरावी लागती तर तय्यब शेठचे दिवाळे निघाले असते, तेव्हा लांब मुदतीचे हप्ते घ्यायला त्यांनी दादांना तयार केले. जिंकलेल्याला नमते घ्यायला लावणे किती कठीण असते, ते वाटणीची भांडणे पाहिलेल्या बाईला सांगायला नको. आमच्या बांधाला असा वकील लाभला असता तर!

एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. तिकडेच एका हिशेबाच्या मोठ्या प्रकरणात लवादाचा निवाडा त्यांच्या अशिलाला अनुकूल लागला होता. पण त्यात एक चूक राहून गेली होती. एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूला पडली होती, आणि विरुद्ध पक्षाला तिचा पत्ताच नव्हता. वडील वकिलांचे म्हणणे पडले की, अशिलाचे नुकसान होईल असे काही वकिलाने आपण होऊन सांगू नये. गांधीजींना हे पटेना. अशिलाशी बोलून त्यांनी संमती मिळवली. वडील वकील बोलायला तयार होईनात, म्हणून स्वतःच कोर्टात उभे राहून ती चूक सांगितली. न्यायाधीशांना आधी यातच काही डाव आहे असे वाटले! खरे बोलणाऱ्यावरच संशय! पण गांधीजींनी नीट उलगडून दाखविल्यावर तेवढी चूक दुरुस्त होऊन निवाडा कायम राहिला.

रुस्तमजी नावाचे पारशी व्यापारी त्यांचे अशील आणि स्नेही. त्यांनी जकात चुकवून माल आणला आणि ते सापडले. गांधीजींनी पळवाट शोधून दिली नाही, अधिकाऱ्यांपुढे सगळे कबूल करायला लावले. चुकवलेल्या जकातीच्या दुप्पट दंड भरून प्रकरण मिटले. रुस्तमजींनी ती हकिकत लिहून, काचेच्या चौकटीत बसवून आपल्याच कचेरीत टांगली.

असा वकील, आणि त्याची पुढे काय गत झाली? १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादला त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. वकील दिला नाही, बचाव केला नाही, आरोप कबूल केले. सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच साली नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इनर टेंपल या संस्थेने, जिथून ते बॅरिस्टर झाले होते, त्यांचे नाव यादीतून काढून टाकले. ते परत घातले गेले १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.