लोकभाषेचे उपासक श्रीचक्रधरस्वामी

माहूर म्हटले की श्रीरेणुकामाता व दत्तशिखर यांचे स्मरण होते. याच माहुरातील देवदेवेश्वर मंदिर महानुभाव पंथीयांचे परमपवित्र स्थान आहे. या पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचे चरित्र आपणा ख्रिस्ती वाचकांनीही अभ्यासावे असे आहे.

स्वामी मूळचे महाराष्ट्रीय नव्हेत. गुजरातेतील भडोच येथील प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव ते हेच, अशी परंपरा आहे. रामटेकच्या यात्रेस म्हणून ते निघाले. वाटेत ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन झाले आणि घरदार कायमचे सुटले. दीर्घकाळ एकाकी भ्रमण केल्यावर १२६७ च्या सुमारास पैठण येथून त्यांचे शिष्यमंडळ आकारास आले. स्त्रिया व शूद्र यांनाही त्यांत समान प्रवेश होता. आद्य मराठी कवयित्री महदंबा ही त्यांचीच शिष्या.

धर्मज्ञान संस्कृतातच सांगण्याचा तो काळ. स्वामींची जन्मभूमी गुजरात. परंतु त्यांनी निरूपणासाठी श्रोत्यांची मराठी स्वीकारली. बोलणाऱ्याची सोय न पाहता ऐकणाऱ्याची पाहिली, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचे वाटते. १२७४ च्या सुमारास त्यांनी उत्तरेकडे प्रयाण केले, असे पंथीय मानतात. पुढे म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या. तोच मराठीतील आद्य गद्यचरित्रग्रंथ, लीळाचरित्र.

खरी कसोटी स्वामींच्या पश्चात लागली. विद्वान शिष्य केसोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना थांबविले. पंथातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, एवढेच त्यांचे कारण होते. (याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंदिस्त करावेत, हा दैवदुर्विलास होय.)

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने तोच मार्ग धरला. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. आपल्या मिस्साविधीत मात्र मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साडेतीन शतकांनी.

२०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच माहूर-किनवट भागात कोलामांच्या पोडांवर कोलामी, गोंड वस्त्यांवर गोंडी आणि तांड्यांवर बंजारा बोली नांदते. तेथील बालकाला शाळेतील मराठी ही दुसऱ्याची भाषा वाटते. तेराव्या शतकातील म्हाताऱ्यांना संस्कृत वाटत असे तशीच. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेच्या ३५०क या कलमात १९५६ पासून नमूद आहे. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत मात्र या तिन्हींपैकी एकीलाही स्थान नाही. या वस्त्यांवर सेवेस जाणाऱ्या शिक्षकांनी, परिचारिकांनी व धर्मभगिनींनी तेथील बोली शिकण्यास पहिल्याच महिन्यात आरंभ करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.