मिरजेचे दृष्टिदाते डॉ. वानलेस

मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हटले जाते. या पंढरीचा पाया घालणारे डॉ. विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडात झाला. मिशनरी डॉक्टर म्हणून ते १८८९ मध्ये भारतात आले. प्रारंभी सांगलीत दवाखाना चालवून पुढे ते मिरज संस्थानात स्थिरावले. तेथे १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे त्यांची ख्याती दूरवर पसरली. पुणे-मिरज लोहमार्गामुळे सातारा जिल्ह्यातील गावांनाही मिरज गाठणे सोपे झाले होते. त्या काळी मोतीबिंदूबरोबर डोळ्यातील नैसर्गिक भिंगच काढावे लागे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी केली, ती १९४९ मध्ये. तोवर शस्त्रक्रिया कितीही सफाईने झाली तरी केवळ उजेड आणि धूसर आकार परत मिळत. माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी किंवा सुईत दोरा ओवण्यासाठी जाड भिंगांचा चष्मा अनिवार्य असे. तो फुटला की मिळालेली दृष्टी पुन्हा हरपे. शल्यविशारदाच्या हाताइतकेच मोल त्या काचेला होते.

आपल्यामागेही उपचार सुरू राहावेत, यासाठी त्यांनी १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. कुष्ठरुग्णांसाठीही मिरजेत आश्रयस्थान उभारले. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांनी भारताचा निरोप घेतला आणि १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. सांगली-मिरजेदरम्यानच्या वानलेसवाडीने त्यांचे नाव जपले आहे.